वणव्याआधी घराभोवतीची पट्टी : वाडीचा नियम आपण कसा करायचा?



मागच्या उन्हाळ्यात आंबेगावच्या पश्चिम भागातल्या एका वाडीत गटाच्या बैठकीला गेले होते. दुपारचे दोन वाजले असतील. हप्त्यांचा हिशोब चालू होता. तेवढ्यात दाराशी बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "मॅडम, कायतरी जळल्याचा वास येतोय."

बाहेर येऊन बघतो तर खालच्या अंगाला, ओढ्याकडून धूर वर येत होता. खाचरात कुणीतरी राब भाजला होता. तो पुरता विझवला नव्हता. वाऱ्याने ठिणगी बांधावरच्या गवतात गेली आणि गवतातून आग वाडीकडे चढली. निम्मी वाडी हिरड्याला गेलेली, काही जण बाजाराला. घरात म्हातारी माणसं, पोरं आणि आम्ही बैठकीतल्या पंधरा जणी.

ओले डहाळे घेऊन सगळ्या धावल्या. घरं वाचली. पण दोन घरांच्या मध्ये एक पडीक जागा होती. मालक मुंबईला, चार वर्षांत गवताला विळा लागलेला नाही. आग त्या जागेतून आत शिरली आणि पलीकडच्या गोठ्याला टेकून रचलेली पेंढ्याची गंजी पेटली. गटातल्याच एका ताईंचा तो गोठा. त्यांनी विळ्याने दावी कापली म्हणून जनावरं सुटली. गोठा आणि पेंढा मात्र गेला. त्या पेंढ्यावर दोन जनावरं पावसाळ्यापर्यंत निघणार होती. मग गटातून कर्ज काढून वैरण विकत घ्यावी लागली. ते कर्ज अजून फिटायचं आहे.

पुढच्या बैठकीत मी विचारलं, "ते मधलं गवत कापायचं काम कुणाचं होतं?" एकीने सांगितलं मालकाचं. दुसरी म्हणाली पंचायतीचं. तिसरी म्हणाली वनखात्याचं, ते जाळरेषा काढतात ना! मालक मुंबईत, पंचायतीला कुणी सांगितलं नव्हतं आणि वनखात्याची हद्द तिथून बरीच वर. म्हणजे काम सगळ्यांचं आणि करणारं कुणीच नाही.

म्हणून या महिन्याचा पाठ याच विषयावर आहे. घराभोवतीचं वाळलेलं गवत आणि झुडपं काढण्याचा नियम कसा करायचा, कायदा काय सांगतो आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आपण काय मांडायचं.

१. घराला आग लागते कशी?

आपल्याला वाटतं, मोठ्या ज्वाळा येतात आणि घर पेटतं. नेहमी तसं होत नाही. घर पेटतं ते बहुतेक वेळा दोन गोष्टींमुळे. एक, घराला लागून असलेल्या पाल्यापाचोळ्यातून सरपटत आलेली छोटी आग. दुसरी, वाऱ्यावर उडून आलेली ठिणगी. ही ठिणगी गंजीवर पडते, पडवीतल्या सरपणात पडते, कौलांच्या सापटीत अडकलेल्या पाल्यात पडते. वणवा पुढे निघून जातो आणि अर्ध्या तासाने घर पेटतं. कारवीच्या कुडाच्या भिंती असतील तर मग वेळच मिळत नाही.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे चढ. आग उतारावरून खाली हळू येते, पण चढावर पळते. खालच्या ज्वाळेची धग वरच्या गवताला आधीच वाळवून ठेवते. जाणकारांचा ढोबळ हिशोब असा आहे की चढ दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. आपल्या वाड्या डोंगराच्या कुशीत आहेत. म्हणून घराच्या वरच्या बाजूइतकंच, किंबहुना जास्त, खालच्या बाजूचं गवत धोक्याचं. त्या वाडीत सगळ्यांचं लक्ष डोंगराकडे होतं आणि आग आली ओढ्याकडून.

२. कायदा काय सांगतो?

यात एक फरक आधी समजून घेऊ. आपल्याकडचे कायदे मुख्यतः आग लावण्याबद्दल आणि विझवण्याबद्दल बोलतात. घराभोवती किती जागा साफ ठेवायची, हे गावाने ठरवायचं असतं.

वनाची जमीन : भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनाला आग लावणं, किंवा वनाला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटता सोडणं हा गुन्हा आहे. तुरुंगवास, दंड आणि वर नुकसानभरपाई. याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती फार जणींना माहीत नसते. आग मुद्दाम किंवा मोठ्या निष्काळजीपणाने लागली असेल, तर सरकार त्या भागातले चराईचे आणि वनोपज गोळा करण्याचे हक्क काही काळ थांबवू शकतं. म्हणजे काडी एकाने टाकायची आणि हिरडा, सरपण, चारा सगळ्या गावाचा बंद व्हायचा!

कलम ७९ आपल्या जबाबदारीबद्दल आहे. जे वनातून काही घेतात किंवा तिथे जनावरं चारतात, त्यांनी वणवा कळल्यावर तो विझवायला लागायचं, पसरू द्यायचा नाही आणि वनखात्याला किंवा पोलिसांना कळवायचं. लगतच्या गावातल्या सरकारी नोकरांवर आणि गावकामाचं मानधन घेणाऱ्यांवरही हीच जबाबदारी आहे.

भीमाशंकर अभयारण्य : हे १९८५ साली जाहीर झालं. आंबेगाव तालुक्याचा काही भाग त्यात येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३० प्रमाणे अभयारण्यात आग लावायला किंवा धोका होईल असा विस्तव सोडायला मनाई आहे. आपला शेकरू तिथलाच, राज्याचा प्राणी. त्याची घरटी झाडांवर असली तरी धूर आणि धग त्याला चुकत नाही.

आपली किंवा शेजाऱ्याची मालकी जमीन : इथेही "माझं रान, मी जाळीन" असं चालत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम २८७ प्रमाणे आगीबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला, तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुद्दाम कुणाचं पीक किंवा घर पेटवलं, तर गुन्हा याहून कितीतरी मोठा.

झाडं : साफसफाई म्हणजे झाडतोड नव्हे. गवत, पाचोळा, वाळकी झुडपं, घाणेरी काढायला हरकत नाही. पण महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम १९६४ च्या यादीत हिरडा, आंबा, जांभूळ, फणस, मोह, ऐन, साग अशी झाडं आहेत. ती मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आणि तोडायची गरजही नाही. खालचा पाचोळा झाडला आणि जमिनीला टेकलेल्या वाळक्या फांद्या काढल्या, तरी आग झाडावर चढत नाही.

ग्रामपंचायत : ग्रामपंचायत अधिनियमात पंचायतीच्या कामांची यादी आहे. आग लागल्यावर ती विझवायला मदत करणं आणि लोकांच्या जिवाचं व मालमत्तेचं रक्षण करणं हे त्या यादीत आहे. म्हणून हा विषय ग्रामसभेत मांडणं म्हणजे कुणाकडे मेहरबानी मागणं नव्हे.

पेसा आणि वनहक्क : जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेकडची आदिवासी गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे पेसा कायदा १९९६ लागू आहे आणि गावाच्या साधनसंपत्तीचं रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळालेत, तिथे वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ प्रमाणे जंगल राखण्याचा अधिकारही ग्रामसभेचाच. त्यासाठीची समिती असेल तर तिला या कामात आधी घ्या.

३. साफ करायचं म्हणजे नेमकं काय?

फुटांनी सांगते, पण पावलांनी मोजलं तरी चालेल.

भिंतीपासून ५ फूट : इथे जळण्यासारखं काहीच नको. सरपण, गोवऱ्या, पेंढा, पोती, वाळका पाला काही नाही. सारवलेली किंवा मोकळी जमीन. पडवीत सरपण रचायची आपली सवय आहे. पावसाळ्यात ठीक आहे, पण माघ ते वैशाख ते घरापासून लांब ठेवा.

३० फुटांपर्यंत : गवत कापून घोट्याएवढं ठेवा. वाळकी झुडपं काढा. झाडं राहू द्या. कौलांवरचा, पत्र्यावरचा पाचोळा महिन्यातून एकदा झाडा. उताराच्या खालच्या बाजूला हीच पट्टी आणखी लांब न्या.

गंजी आणि गोवऱ्या : गंजी घराला किंवा गोठ्याला टेकून नको. एका मोठ्या गंजीऐवजी दोन छोट्या, एकमेकींपासून लांब. एक गेली तरी दुसरी राहते. गोठ्यात दाव्याजवळ विळा टांगून ठेवा. त्या ताईंची जनावरं विळा हाताशी होता म्हणून वाचली.

चुलीची राख : उकिरड्यावर टाकलेल्या राखेत विस्तव दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. आधी पाणी शिंपडा, हात लावून बघा, मगच टाका.

एक काळजी घ्या. उतारावर गवत कापायचं, खणायचं नाही. मुळं जमिनीत राहू द्या. माळीणची ३० जुलै २०१४ ची दुर्घटना आपण कुणीच विसरलेलो नाही. तिचा आगीशी संबंध नव्हता, पण उतारावरची माती सुटली की काय होतं हे आपल्या भागाने बघितलं आहे. म्हणून विळा चालवा, कुदळ नको.

आणि कापलेलं गवत जाळून टाकू नका. आग लागू नये म्हणून आगच लावायची, यात वारा फिरला की खेळ संपला. चांगलं असेल ते वैरणीला, उरलेलं खताच्या खड्ड्यात किंवा भाजीच्या वाफ्यात आच्छादनाला.

"गवत जाळलं की चांगलं उगवतं" असं बऱ्याच जणी म्हणतात. जळल्यावर हिरवे कोंब लवकर दिसतात हे खरं. पण त्यासाठी उभी वैरण जाते, हिरड्याची आणि इतर झाडांची कोवळी रोपं जातात, आणि पहिल्या पावसात उघडी माती ओढ्याला मिळते. कोंबांचा फायदा एकदा दिसतो. तोटा दरवर्षी वाढत जातो.

पूर्वेकडच्या गावांतल्या मैत्रिणींसाठी दोन शब्द. मंचर, नारायणगाव, ओतूरकडे डोंगराचा वणवा कमी, पण उसाचं पाचट आहे. पाचट पेटवलं आणि शेजाऱ्याचा ऊस गेला, मग दोन घरांत वर्षानुवर्षं अबोला, हे तुम्हीही पाहिलं असेल. पाचट सरीत दाबलं तर ओल टिकते आणि खत होतं. घराभोवतीचं गवत-झुडूप काढण्याचा तुमच्याकडे आणखी एक फायदा आहे, बिबट्याला दडायला जागा राहत नाही. वनखातंही घराचा परिसर मोकळा ठेवायला सांगतं. म्हणजे एका विळ्यात दोन कामं.

४. एका घराचं काम का नाही?

आता अडचण बघा. आपल्या वाडीत घरं जवळजवळ. माझे ३० फूट म्हणजे शेजारणीचं अंगण आणि तिचे ३० फूट म्हणजे माझा गोठा. मी माझं साफ केलं आणि मधली पडीक जागा तशीच राहिली, तर माझी मेहनत वाया. म्हणून पट्टी घराभोवती नको, वाडीभोवती हवी.

बाहेरच्या देशातलं एक उदाहरण सांगते. पोर्तुगाल हा युरोपातला छोटा देश. तिथेही डोंगरातली गावं, तरुण शहरात गेलेले, गावात म्हातारी माणसं आणि पडीक राहिलेली रानं. आपल्यासारखंच. तिथे २००६ सालीच कायदा झाला, घराभोवती ५० मीटर आणि गावाभोवती १०० मीटर झाडोरा कमी ठेवायचा. तरीही २०१७ साली तिथल्या वणव्यांत शंभराहून जास्त माणसं गेली. नियम कागदावर होता, पण पडीक रान साफ करणारं कुणी नव्हतं. २०१८ पासून सरकारने साफसफाईची सक्ती वाढवलीच, शिवाय "सुरक्षित गाव" असा कार्यक्रम सुरू केला. त्यात गावागावात एक माणूस ठरवतात. आग आली की लोकांना कळवायचं आणि ठरलेल्या जागी न्यायचं, ही त्याची जबाबदारी.

यातून मी एवढंच शिकले, नियमात किती फूट लिहिलंय त्यापेक्षा कोण करणार आणि कधीपर्यंत करणार हे लिहिलंय का, ते महत्त्वाचं.

५. वाडीचा नियम कसा करायचा?

आपल्याकडे वनखात्याचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. खात्याच्या जाळरेषांचं कामही त्याआधी उरकायचं असतं. ग्रामसभा २६ जानेवारीला. म्हणजे ठरावानंतर आपल्या हातात २० दिवस असतात. तेवढे पुरतात, पण तयारी आधी हवी.

पहिलं, गटात नकाशा काढा. पाटीवर किंवा जमिनीवर रांगोळीने वाडी काढा. घरं, गोठे, गंज्या, ओढा, वनाची हद्द, पडीक जागा, पाण्याची टाकी. आग कुठून येते हे आजीबाईंना विचारा. त्यांना गेल्या चाळीस वर्षांतला प्रत्येक वणवा आठवतो.

दुसरं, जमीन कुणाची ते लिहा. मालकीची असेल तर मालक. गावठाण किंवा गायरान असेल तर पंचायत. वनाची असेल तर वनरक्षक. वनाच्या जमिनीवर आपण होऊन जाळरेषा काढायची नाही, काडी तर मुळीच लावायची नाही. वनरक्षकाला अर्ज द्या आणि पोच घ्या. तुमच्या गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर अर्ज तिच्यामार्फत द्या, वजन पडतं.

तिसरं, गावात नसलेल्या मालकाला फोन करा. आमच्या कामातली ही सगळ्यात अवघड पायरी. लोकांना भीती वाटते की गवत कापलं म्हणजे कुणी जागेवर हक्क सांगेल. म्हणून साध्या कागदावर लिहा, "फक्त गवत कापणार, जागेवर कोणताही हक्क नाही." मोबाइलवर त्यांची संमती घ्या, ग्रामसेवकांकडे एक प्रत द्या. आणि एक सूत्र ठरवा, जी कापेल तिची वैरण. त्या वाडीत या सूत्रानेच मार्ग निघाला. ज्यांचा गोठा जळला होता, त्यांनाच त्या पडीक जागेचं गवत सगळ्यांनी एकमताने दिलं.

चौथं, काम पडकईने वाटा. आपल्याकडे खाचरं बांधायला एकमेकांच्या रानात पाळीने जायची रीत जुनी आहे. तीच इथे वापरा. पाच घरांची एक टोळी, दोन सकाळी. यात एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. हे काम बायकांच्याच डोक्यावर येऊ देऊ नका. पाणी आपण, सरपण आपण, स्वयंपाक आपण आणि आता वाडीची पट्टीही आपणच, असं नको. ठरावात "प्रत्येक घरातून एक प्रौढ व्यक्ती" असं लिहा. एकट्या राहणाऱ्या ताई, आजी, बाळंतीण, आजारी माणसं यांच्या घराचं काम टोळीने करायचं, त्यांच्यावर दंड नाही.

दंडाबद्दलही सांगते. गटाने कुणाकडूनही दंड वसूल करायचा नाही, तो आपला अधिकार नाही. भांडण होईल ते वेगळंच. कुणी ऐकत नसेल तर पंचायतीला लेखी कळवा.

पाचवं, आधी महिला सभेत मांडा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी ती सह्यांपुरती होते. या वेळी विषय घेऊन जा. पेसा गावांत ५ टक्के अबंध निधी येतो, त्यात वनसंवर्धनाची बाब आहे. विळे, दंताळी, पाण्याचा पिंप यांची तरतूद बसते का, ते त्याच सभेत ग्रामसेवकांना विचारा.

ठरावाचा नमुना देते. तुमच्या गावाप्रमाणे बदल करा :

"वणव्यापासून घरे, गोठे व वैरण सुरक्षित राहावी म्हणून ही ग्रामसभा ठरविते की :
(१) दरवर्षी १५ फेब्रुवारीपूर्वी वाडीभोवती ३० फुटांची पट्टी गवत व वाळकी झुडपे कापून मोकळी केली जाईल. उताराच्या खालच्या बाजूस पट्टी अधिक रुंद असेल. झाडे तोडली जाणार नाहीत.
(२) प्रत्येक घरातून एक प्रौढ व्यक्ती दोन दिवस श्रमदान करील. एकल महिला, वृद्ध व आजारी व्यक्तींच्या घराचे काम टोळी करील.
(३) पडीक जागेतील गवत मालकाच्या संमतीने कापले जाईल व ते कापणाऱ्यास मिळेल. त्यामुळे जागेवर कोणताही हक्क निर्माण होणार नाही.
(४) राब व बांध सकाळी ९ च्या आत भाजले जातील. आदल्या दिवशी शेजाऱ्यांना कळविले जाईल. भाजताना दोन माणसे व पाणी जागेवर असेल. विस्तव पूर्ण विझल्याशिवाय कोणी जागा सोडणार नाही. वनहद्दीजवळ भाजण्यापूर्वी वनरक्षकांना कळविले जाईल.
(५) कामाच्या देखरेखीसाठी ........ व ........ यांची निवड करण्यात येत आहे."

पाचव्या मुद्द्यातली दोन नावं रिकामी ठेवू नका. त्यातलं एक नाव बाईचं असू द्या. आणि चौथा मुद्दा वाचून कुणी म्हणेल, राब बंद करताय का? नाही. राब आपल्या भाताची रीत आहे. फक्त दुपारच्या वाऱ्यात राब भाजू नये, एवढंच.

६. आग आलीच तर

वनखात्याची १९२६ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. फोन करणारी एक जण आधीच ठरवा, नाहीतर सगळ्या धावतात आणि फोन कुणीच करत नाही.

म्हातारी माणसं आणि पोरं आधी बाहेर काढा, शाळेच्या पटांगणात किंवा जळून गेलेल्या काळ्या रानाकडे. एकदा जळालेल्या जागेत आग परत येत नाही. जनावरांची दावी सोडा.

विझवायला जाताना सुती कपडे घाला. नायलॉनची साडी अंगाला वितळून चिकटते. पदर खोचा, पायात चप्पल-बूट हवेत, एकटीने जायचं नाही. आगीच्या वरच्या बाजूला किंवा समोर उभं राहू नका, बाजूने आणि मागून ओल्या डहाळ्यांनी मारत जा. ज्वाळा मोठ्या होऊ लागल्या तर मागे फिरा. गवत परत येतं, माणूस नाही.

भाजलं तर त्या जागेवर २० मिनिटं साधं वाहतं पाणी. हळद, टूथपेस्ट, तेल काही लावू नका.

नुकसान झालं तर राख उचलायच्या आधी फोटो काढा. तलाठ्यांना कळवून पंचनामा करून घ्या, त्याची प्रत मागा. "आकस्मिक आग" ही आपत्ती राज्य सरकारच्या मदतीच्या यादीत आहे. पंचनामा नसेल तर मागायला आधारच राहत नाही.

बैठकीत चर्चा करा

१. आपल्या वाडीत आग कोणत्या बाजूने येते? मागच्या वेळी कशाने लागली?
२. कोणत्या जागेचं गवत "कुणाचंच नाही"?
३. कोणाची गंजी घराला किंवा गोठ्याला टेकून आहे? ती हलवायला कोण मदत करेल?
४. महिला सभेत हा विषय कोण मांडणार? दोन जणींची नावं इतिवृत्तात लिहा.

पहिल्या वाडीत आता काय चाललंय तेही सांगते. पडीक जागेच्या मालकांनी मुंबईहून फोनवर होकार दिला. दिवाळीनंतर गवत कापायला गेल्या तेव्हा या वेळी लांबचं रान आधी न घेता बायकांनी वाडीला लागून असलेलं आधी घेतलं. खालची, ओढ्याकडची बाजू अजून बाकी आहे, तिथे घाणेरी फार माजली आहे. ते काम त्यांनी संक्रांतीनंतरच्या रविवारी ठेवलं आहे. "मॅडम, तुम्ही पण विळा घेऊन या," असं मावशींनी मला बजावलंय. मी जाणार आहे.

तुमच्या वाडीचा ठराव झाला की त्याची प्रत आपल्या ग्रामसंघामार्फत पाठवा. कुठे अडलं तेही लिहा, पुढच्या अंकात त्यावर बोलू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक